अवयव एकही ठाऊक नाही, तरीही संयुक्त

फर्माची विसावी संख्या सांगायला दोन वाक्यं पुरतात. २ चा २० वा घात करा, १०,४८,५७६ येतील. आता तेवढाच घातांक घेऊन पुन्हा २ चा घात करा आणि त्यात १ मिळवा. लिहायला बसलात तर मात्र ३,१५,६५३ अंक होतात. पानावर तीस ओळी आणि ओळीत साठ अंक धरले, तर साधारण पावणेदोनशे पानं. द्विमान पद्धतीत तिचं रूप अगदी सडपातळ आहे: आरंभी १, शेवटी १ आणि मधे नुसती शून्यं.

ती मूळ संख्या नाही, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. तिला भाग जातो, हे नक्की. कशाने जातो, हे आजही कुणाला माहीत नाही.

या घराण्याची सुरुवात सतराव्या शतकातली. २० च्या जागी ०, १, २, ३, ४ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात; या पाचही मूळ संख्या पाहून फ्रेंच गणिती फर्माला वाटलं, पुढच्याही तशाच असणार. (मोजणी शून्यापासून, म्हणून ६५,५३७ ही चौथी.) १७३२ मध्ये गणिती ऑयलरने पाचवीच फोडली: ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे ६४१ गुणिले ६७,००,४१७. तिचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीहून १ ने मोठाच असतो, असं त्याने पुढे सिद्ध केलं. ही चाळणी लावली की १९३, २५७, ४४९, ५७७ तपासायच्या आणि लगेच ६४१. पाचव्या संख्येपासून पुढे एकही मूळ फर्मा संख्या आजवर सापडलेली नाही.

विसाव्या संख्येसाठी चाळणी आणखी बारीक आहे. विभाजक ४१,९४,३०४ च्या पटीहून १ ने मोठा हवा. तरीही शोध रिकामाच राहिला.

मग ती संयुक्त ठरली कशी? फ्रेंच गणिती पेपँ याने १८७७ मध्ये दिलेल्या कसोटीने. ३ घ्या, वर्ग करा, आपल्या संख्येने भागा, बाकी ठेवा, तिचा पुन्हा वर्ग करा. विसाव्या संख्येसाठी हे १०,४८,५७५ वेळा करायचं. शेवटची बाकी त्या संख्येपेक्षा बरोबर १ ने कमी आली तर ती मूळ, नाहीतर संयुक्त. भागाकाराचं ओझं त्या सडपातळ रूपामुळे जवळजवळ उरतच नाही. द्विमान अंकांचा वरचा अर्धा खालच्या अर्ध्यातून वजा केला की काम झालं. खरा घाम वर्ग करताना निघतो. शाळेतल्या रीतीने एकेका वर्गाला सुमारे दहा हजार कोटी अंकी गुणाकार लागतील! म्हणून इथे फूरिए रूपांतरावर आधारलेली जलद पद्धत वापरतात. जेफ यंग आणि डंकन ब्यूल यांनी क्रे सुपरकॉम्प्युटरवर ही कसोटी घेतली. बाकी हवी ती आली नाही.

या बाकीतून अवयवाचा मात्र काहीच सुगावा लागत नाही. मला या साऱ्या प्रकरणात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. मूळ की संयुक्त, हा निर्णय तुलनेने सोपा. कुठल्याही संख्येसाठी तो बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी आवाक्यात राहणाऱ्या वेळात, देणारी रीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीत शोधली. अवयव पाडण्याची तशी रीत आजच्या संगणकांसाठी कुणाकडेच नाही, आणि इंटरनेटवरचं बरंचसं गुप्तलेखन याच अडचणीच्या भरवशावर चालतं.

चिकाटीला फळ येतं, हेही खरं. चौदावी फर्मा संख्या १९६१ मध्ये संयुक्त ठरली होती. तिचा पहिला अवयव हाती आला २०१० मध्ये. त्याच वर्षी बाविसावीचाही सापडला. संयुक्त म्हणून सिद्ध झालेल्या, पण एकही अवयव ठाऊक नसलेल्या फर्मा संख्या आता दोनच उरल्या आहेत: विसावी आणि चोविसावी. तेहतिसावी तर मूळ की संयुक्त हेच अजून ठरलेलं नाही. ती सुमारे २५८ कोटी अंकी आहे.