प्रवरेकाठी पोचलेले रोमन कुंभ

नेवासे समुद्रापासून दूर. तरी 1954 ते 56 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकाळच्या थरात दोन कानांच्या रोमन कुंभांची खापरे निघाली. असल्या उभट कुंभांतून भूमध्य समुद्राकाठची दारू आणि तेल जहाजाने येई.

पैठणचे सातवाहन राज्य देशावरचे. बंदर ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर या राज्याचा व्यापार. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो की पैठणचा माल गाड्यांनी, आडवाटांनी भडोचला जाई. वीस दिवसांची मजल! कल्याणची मात्र कोंडी झाली होती. तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेत. पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्राने भडोचच्या क्षत्रप नहपानाला हरवले. जोगलटेंभीला सापडलेल्या साठ्यात नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राचे ठसे ठळक दिसतात.