आवाज वाढला, ताकद वाढली का?

टर्बोच्या गाडीला मोठ्या तोंडाचा सायलेन्सर बसवला की पिकअप वाढतो, असं गॅरेजमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. हे निम्मं खरं आहे. पण कोणतं निम्मं, हे कळायचं तर धुराच्या नळीत नेमकं काय चालतं ते पाहावं लागतं.

हा विषय माळव्याला परका नाही. इंदूर-उज्जैन रस्त्यावरच्या सांवेरहून पूर्वेला गेलं की देवास. तिथल्या टाटा होलसेटच्या कारखान्यात ट्रकांचे टर्बोचार्जर बनू लागले. पुढे तो कारभार कमिन्सकडे गेला. इंदूर ओलांडून दक्षिणेला उतरलं की पीथमपूर. तिथे व्होल्वो-आयशरच्या कारखान्यात २०१३पासून युरोपसाठी युरो-६ दर्जाच्या इंजिनांचे मूळ सांगाडे तयार होतात. त्या वेळी आपल्याकडे भारत स्टेज-४ हे धुराच्या प्रदूषणाचं मानकदेखील देशभर लागू झालेलं नव्हतं. पीथमपूरलाच ‘नॅट्रॅक्स’ ही गाड्यांची चाचणीभूमीही आहे. तिच्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन जून २०२१ मध्ये प्रकाश जावडेकरांच्या हस्ते झालं.

इंजिनाची ताकद शेवटी हवेवर ठरते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तेवढं फवारता येतं. अडचण हवेची असते. इंधनातल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा गरम धुरावाटे वाया जातो. त्याच धुराने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची, या कल्पनेचं पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचं ‘लिबर्टी’ इंजिन पाइक्स पीकच्या सुमारे १४,००० फूट उंचीच्या माथ्यावर नेऊन चालवलं. सपाटीवर साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन विरळ हवेत २३०च्या आसपास घसरलं. टर्बो जोडताच ते पुन्हा साडेतीनशेवर आलं.

पुणे आणि इंदूर ही दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. मुंबईच्या मानाने इथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी भरतो. साध्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते. टर्बोचं इंजिन मात्र चाक थोडं जास्त फिरवून ही तूट भरून काढतं. ते चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतं.

पण हवा दाबली की ती तापते. मे महिन्यात सांवेरला बाहेर ४० अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर चांगल्या टर्बोतूनही ती १३५-१४० अंशांवर बाहेर पडते. गरम हवा विरळ असते. त्यामुळे दाब दुप्पट होऊनही प्रत्यक्ष हवा भरते दीडपटच. इंटरकूलरने तीच हवा ६० अंशांवर आणली, तर हे प्रमाण पावणेदोनपटीच्या पुढे जातं. गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की सगळे मागच्या नळीकडे वळतात. उन्हाळ्यातला मोठा फरक मात्र पुढच्या जाळीमागच्या या इंटरकूलरने पडतो.

आता सायलेन्सरकडे. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबांतल्या तफावतीवर. पाणचक्कीच्या पुढचा पाट तुंबला की चक्की मंदावते, तसंच इथे होतं. समजा, धूर २५० किलोपास्कल दाबाने चाकावर येतो. पुढच्या नळीत १३० दाब अडून राहिला तर दोन्हींचं गुणोत्तर १.९, तो ११० वर आला तर २.३. चाक लवकर वेग घेतं आणि टर्बो लॅग, म्हणजे जोर यायला लागणारा उशीर, कमी होतो. ‘इंजिनाला थोडं बॅक प्रेशर लागतंच’ हे गॅरेजमधलं वाक्य टर्बोच्या पुढच्या नळीला लागू पडत नाही. तिथला अडलेला दाब म्हणजे निव्वळ तोटा. गॅरेजवाला निम्मा बरोबर असतो, तो इथे.

पुढचं निम्मं संगणकाच्या हाती आहे. आजच्या गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, किती द्यायचा हे इंजिनाचा संगणक, म्हणजे कंट्रोल युनिट, ठरवतो. नळी मोकळी झाली, चाक जोरात फिरू लागलं, की तो वेस्टगेट नावाची झडप उघडतो आणि जादा धूर चाकाला वळसा घालून सोडून देतो. बूस्ट ठरल्यापेक्षा वर जात नाही. म्हणून नुसता सायलेन्सर बदलल्यावर आवाज भरपूर वाढतो आणि ताकद किरकोळ. उलट, वेस्टगेट लहान असेल आणि नळी फार मोकळी, तर झडप पूर्ण उघडूनही धूर आवरत नाही आणि बूस्ट आपोआप चढत जातो. याला ‘बूस्ट क्रीप’ म्हणतात, आणि इंजिनासाठी तो धोक्याचा असतो.

संगणकाने घातलेली बूस्टची मर्यादा उठवायला रिमॅप करतात, म्हणजे संगणकातले बूस्टचे, ठिणगीच्या वेळेचे आणि इंधनाचे तक्ते बदलतात. एकाच क्षमतेच्या इंजिनातून वेगवेगळी ताकद काढणं कंपन्यांनाही नवं नाही. महिंद्राची चाकणमध्ये बनणारी स्कॉर्पिओ-एन घ्या. २.२ लिटरचं तिचं डिझेल इंजिन सुरुवातीच्या मॉडेलमध्ये १३२ आणि वरच्या मॉडेलमध्ये १७५ अश्वशक्तीचं आहे. म्हणजे इंजिनात जागा राखलेली असते. ती कशासाठी राखली, हा खरा प्रश्न.

ती राखलेली असते मे महिन्यासाठी, आडगावच्या पंपावरच्या पेट्रोलसाठी आणि घाटात पाच माणसं व सामान घेऊन चढणाऱ्या गाडीसाठी. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते. ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. हेच नॉकिंग. ब्लॉकवरचा सेन्सर तो ठोका टिपतो आणि संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद उतरते आणि धूर आणखी गरम होऊन टर्बोवर येतो. गाफीलपणे केलेल्या रिमॅपमध्ये हा बचावच ढिला केलेला असतो. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर एकदम जोर मागितला तर ठिणगीच्या आधीच स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो. वाढलेला जोर क्लचलाही झेलावा लागतो, आणि तो घसरू लागतो.

टर्बोच्या लगेच पुढे, डाउनपाइपमध्ये, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो: हजारो बारीक भोकांचा सिरॅमिकचा ठोकळा, आतून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा लेप. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तो निरुपद्रवी करतो. दाब अडवणारी मोठी जागा हीच, म्हणून ‘कॅट काढून टाक’ हा सल्ला मिळतो. तो काढला की त्याच्यानंतरचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. मग तो दिवा विझवायला संगणकाला खोटं शिकवतात. रस्त्यावर ऐकू येणारे ‘फट-फट’ बारही असेच मुद्दाम शिकवलेले असतात: पाय ॲक्सिलरेटरवरून काढल्यावरही पेट्रोल फवारायचं, ठिणगी उशिरा पाडायची आणि ते नळीत भडकू द्यायचं. त्यात एक छटाकही ताकद मिळत नाही. कॅट जागेवर असला, तर त्याचा ठोकळा वितळून बुजू शकतो आणि मोकळी केलेली नळी पुन्हा तुंबते.

नव्या प्रवासी कारला चाचणीत साडेसात मीटरवरून ७४ डेसिबलची मर्यादा आहे. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट झाली. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद केली. शर्यतीची गाडी बंदिस्त ट्रॅकवर, हा मार्ग खुला आहेच.

टर्बोच्या गाडीतून कायद्यात राहून मिळणारा फायदा साध्या कामांत आहे: इंटरकूलरच्या जाळीतला चिखल-किडे काढणं, हवेच्या नळ्यांतली गळती शोधणं, प्लग आणि ऑइल कंपनीने सांगितलेलंच वापरणं, आणि टायरमध्ये नीट हवा ठेवणं. ट्रॅकसाठी गाडी तयार करून घेणाऱ्याने ट्यूनरकडे डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मागावा. त्यावर बदलाआधीचा आकडा आहे का, हवेचं तापमान किती होतं आणि लागोपाठच्या तिसऱ्या फेरीत, इंजिन पुरतं तापल्यावर, किती अश्वशक्ती टिकली, हे बघावं. पहिल्या थंड फेरीचा एकच आकडा पुढे केला जात असेल, तर तिथे पैसे देऊ नयेत.