कर गेला, कायदा राहिला: अमेरिकेतल्या सायलेन्सरची गोष्ट

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवरचा दोनशे डॉलरचा केंद्रीय कर शून्य झाला. बातमी पसरली ती मात्र ‘सायलेन्सर आता मोकळे’ अशी. बंदूकप्रेमींनी जल्लोष केला, विरोधकांनी कपाळावर हात मारला आणि दोघांनीही जरा घाईच केली. माफ झाला तो फक्त कर. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे, अर्जदाराच्या पूर्वेतिहासाची तपासणी आणि सरकारी नोंदवहीत अनुक्रमांकासह नाव, हे सगळं जागच्या जागी आहे. नोंद नसलेला सायलेन्सर सापडला तर दहा वर्षांपर्यंत कैद, हेही तसंच आहे.

हे असं अर्धवट का झालं? मे २०२५ मध्ये प्रतिनिधीगृहाने २१५ विरुद्ध २१४ मतांनी ट्रम्प यांचं ते अवाढव्य अर्थविधेयक मंजूर केलं, तेव्हा त्यात सायलेन्सर हा कर आणि नोंदणी लादणाऱ्या १९३४ च्या कायद्यातूनच थेट वगळले होते. सिनेटमध्ये गाडी अडली. साध्या बहुमताने मंजूर होणाऱ्या अर्थविधेयकात महसूल आणि खर्च यांच्याशी थेट संबंध असलेल्याच गोष्टी घालता येतात, असा तिथला नियम आहे. तो राखण्याचं काम सिनेटच्या नियमतज्ज्ञ एलिझाबेथ मॅकडोनो यांच्याकडे आहे. त्यांनी ते कलम नियमात बसत नाही असं सांगितलं. कर कमी करणं ही महसुलाची बाब, म्हणून ती टिकली. नोंदणी रद्द करणं हे धोरण, म्हणून ते गळालं. ४ जुलैला सही झाली ती या उरलेल्या भागावर. मशीनगनवरचे दोनशे डॉलर मात्र कायम आहेत.

हे दोनशे डॉलर आले कुठून, याचीही एक दंतकथा आहे. गुंडांच्या टोळ्यांनी सायलेन्सर लावून धुमाकूळ घातला म्हणून सरकारने कर लावला, असं एक बाजू सांगते. मंदीच्या काळात उपाशी माणसं चोरून शिकार करत होती, त्यांना आवर घालायला तो लावला, असं दुसरी. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टवरच्या सुनावण्यांची टिपणं वाचली की दोन्ही कथांना फारसा आधार मिळत नाही. ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांचा रोख होता मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि मुख्य म्हणजे पिस्तुलं यांच्यावर. पिस्तुलं विरोधामुळे मसुद्यातून बाहेर पडली. सायलेन्सर जवळपास चर्चेविनाच आत राहिले. दोनशे डॉलर म्हणजे आजच्या हिशेबात साडेचार हजारांहून जास्त; सायलेन्सरच्या तेव्हाच्या किमतीच्या कित्येक पट. बंदी हा शब्द न उच्चारता घातलेली ती बंदीच होती. पण आकडा पुढे कधी वाढवलाच नाही. महागाईने तो झिजवत आणला आणि २०१७ साली तेरा लाखांच्या आसपास असलेली नोंदणीकृत सायलेन्सरची संख्या २०२१ पर्यंत सव्वीस लाखांवर गेली. कर जाण्याच्या कितीतरी आधी त्याचा धाक गेला होता.

ज्याने हे यंत्र बाजारात आणलं त्या हायरम पर्सी मॅक्सिमचा गुंडगिरीशी काडीचा संबंध नव्हता. मशीनगनचा शोध लावणाऱ्या हायरम मॅक्सिमचा हा मुलगा. आवाज हा त्याला उपद्रव वाटे. १९०९ मध्ये त्याने सायलेन्सरचं पेटंट मिळवलं आणि नेमबाजी व शिकारीच्या शौकिनांना ते विकायला काढलं. अमेरिकेतल्या हौशी रेडिओचालकांची संघटनाही पुढे याच माणसाने उभी केली. मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करणाऱ्या यंत्रांवरही त्याने काम केलं, आणि तत्त्व दोन्हीकडे एकच. मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये जसा तप्त वायू एकामागून एक कप्प्यांतून फिरवून थंड आणि मंद केला जातो, तसंच गोळीमागून नळीबाहेर उसळणाऱ्या वायूचं इथे होतं. (हायरम पर्सीला आपल्याकडचे ‘फटाके’ फोडणारे बुलेटवाले दाखवले असते, तर त्याने काय म्हटलं असतं कोण जाणे.)

आता मुख्य गैरसमजाकडे, म्हणजे त्या सिनेमातल्या ‘फुट्’ आवाजाकडे. एआर-१५ सारख्या रायफलचा बार नळीपाशी साधारण १६५ डेसिबलचा असतो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ चढत नाही, त्यामुळे ही घट प्रत्यक्षात बरीच मोठी आहे. तरीही मागे उरतात १३० ते १४५ डेसिबल, आणि क्षणिक स्फोटाच्या आवाजाने कानाला इजा होऊ शकते ती मर्यादा १४० मानली जाते. थोडक्यात, शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडणार नाही, ही करामत फक्त पटकथालेखकच करू शकतो.

शिवाय सायलेन्सर वायूचा स्फोट दाबतो, गोळीला नाही. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत स्वतःचा कडाका उठवत जाते आणि त्यावर नळीच्या टोकाला लावलेल्या डब्याचा काही इलाज चालत नाही. त्यासाठी ध्वनीपेक्षा मंद गोळी लागते. अशी गोळी आणि पॉइंट टू-टू सारखी छोटी बंदूक जमली, तर आवाज खरोखर मामुली होतो. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणारा खलनायक मात्र हसण्यावारीच न्यावा. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्यांचं चक्र आणि नळी यांच्यात फट असते आणि वायूचा आवाज तिथून निसटतो. ती फट मिटवणारं रशियाचं जुनं नागान रिव्हॉल्व्हर हा विरळा अपवाद.

म्हणून सायलेन्सर निरुपद्रवी ठरतो का? इथे बंदूकप्रेमींचा गैरसमज सुरू होतो. २०१५ पासून संसदेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या विधेयकाला त्यांनी ‘हिअरिंग प्रोटेक्शन ॲक्ट’ असं सोज्वळ नाव दिलं, जणू प्रश्न फक्त कानांच्या आरोग्याचा आहे. कानांचा मुद्दा खोटा नाही. नेमबाजांमध्ये श्रवणदोष सर्रास आढळतो आणि कानात बोळे घालून वर सायलेन्सर वापरणं अधिक सुरक्षित, हेही खरं. पण एकट्या बोळ्यांनीही वीस-तीस डेसिबल कमी होतात आणि त्यांना कुठलाही अर्ज भरावा लागत नाही.

गुन्ह्यांच्या बाबतीतही दोन्ही बाजू सोयीचं तेवढंच सांगतात. जानेवारी २०१७ मध्ये शस्त्रनियंत्रण करणाऱ्या एटीएफ या केंद्रीय यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी रोनाल्ड टर्क यांनी लिहिलेल्या टिपणात, गुन्ह्यांमध्ये सायलेन्सर फार क्वचित वापरला जातो असं नोंदवलं होतं. वर्षाला सरासरी ४४ जणांवरच खटल्याची शिफारस होत होती. बंदूकप्रेमी हे टिपण हमखास पुढे करतात. यंत्रावर नव्वद वर्षं नोंदणीचा पहारा आहे म्हणूनच कदाचित आकडा इतका लहान असेल, हे मात्र बोलत नाहीत. आणि क्वचित म्हणजे कधीच नाही, असंही नव्हे. ३१ मे २०१९ ला व्हर्जिनिया बीच इथल्या पालिका इमारतीत बारा जणांचा बळी घेणाऱ्या मारेकऱ्याच्या पिस्तुलावर सायलेन्सर होता. डिसेंबर २०२४ मध्ये मॅनहॅटनच्या रस्त्यावर युनायटेड हेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन यांची हत्या झाली, तेव्हाही सायलेन्सर वापरला गेला. न्यूयॉर्क राज्यात सायलेन्सरवर पूर्ण बंदी असताना.

‘युरोपात तर सायलेन्सर हार्डवेअरच्या दुकानातल्या मालासारखे मिळतात’ हा आणखी एक आवडता दाखला. नॉर्वेपुरता तो बराचसा खरा आहे. तिथे सायलेन्सरला वेगळा परवाना लागत नाही. ब्रिटनमध्ये आजवर रायफलचा सायलेन्सर प्रमाणपत्रावर चढवावा लागे. ती अट काढण्याचा मनोदय तिथल्या सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला. पण या देशांत मूळ बंदूक मिळवायलाच पोलिसांच्या दारी उभं राहावं लागतं. कडेकोट दरवाजा असलेल्या घरात आतल्या कपाटाला कुलूप नसलं तरी चालतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत एका खासगी माणसाने दुसऱ्याला बंदूक विकताना कसलीच तपासणी होत नाही, हा फरक त्या दाखल्यात गाळलेला असतो. भारतात हा वादच संभवत नाही: आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडसाधनं शस्त्रनियमांत प्रतिबंधित वर्गात मोडतात.

मग अमेरिकेत करमाफीने फक्त पैसेच वाचले का? खरी गंमत इथेच आहे. १९३७ मध्ये सोन्झिन्स्की खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला तो करवसुलीच्या अधिकाराच्या आधारावर. आता सायलेन्सरपुरता करच उरला नाही, तेव्हा कर गोळा करण्यासाठी ठेवलेली नोंदवही कशाच्या जोरावर चालू आहे, असा सवाल घेऊन बंदूकसमर्थक संघटना आणि सायलेन्सर विक्रेते २०२५ मध्येच न्यायालयात गेले. संसदेत जे जमलं नाही ते शून्याच्या आकड्यातून साधायचा हा डाव हुशारीचा आहे, एवढं विरोधकांनाही मान्य करावं लागेल.

मात्र हा खटला जिंकला तरी सायलेन्सर टोपलीत घालून विकायला येणार नाहीत. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या व्याख्येत सायलेन्सर स्वतःच ‘बंदूक’ आहे. त्यामुळे परवानाधारक दुकानदाराला ग्राहकाची तपासणी करावीच लागेल. निसटेल ते खासगी हातांतलं हस्तांतरण आणि मालकांची केंद्रीय नोंद. आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड व हवाई या आठ राज्यांच्या स्वतःच्या बंद्यांना तर यातलं काहीच शिवत नाही. नेवाडात रीतसर घेतलेला सायलेन्सर गाडीच्या डिकीत ठेवून कॅलिफोर्नियाची हद्द ओलांडली, की तो मालक तिथल्या कायद्याने गुन्हेगारच.