कंगवा आणि कागदाचे कपटे

केसांवर घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो. हा प्रयोग आपण सर्वांनी केलेला असतो आणि त्याचे स्पष्टीकरणही पाठ असते : केसांतील इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात, म्हणून कंगव्यावर ऋण प्रभार येतो. भौतिकीतील न सुटलेले प्रश्न म्हटले की कृष्णविवरे नाहीतर विश्वाची उत्पत्ती आठवते. परंतु त्यांपैकी एक प्रश्न या कंगव्यातच आहे.

दोन धातूंचा स्पर्श झाला की काय होते, हे चांगले समजलेले आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ज्यातून ते बाहेर काढायला कमी ऊर्जा लागते, त्या धातूतून ते दुसऱ्यात जातात. प्लॅस्टिक, केस, काच, रेशीम हे मात्र विद्युतरोधक. त्यांतले इलेक्ट्रॉन अणुरेणूंना जखडलेले. मग ते जातात कसे? मुळात इलेक्ट्रॉनच जातात का? पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो, त्यातले आयन पलीकडे जातात, असे काही संशोधक मानतात. पृष्ठभागाचे सूक्ष्म तुकडेच सुटून दुसरीकडे चिकटतात व सोबत प्रभार नेतात, असे इतरांचे म्हणणे. तिन्ही मतांना प्रयोगांचा आधार आहे, आणि हीच तर अडचण आहे.

योहान विल्के यांनी १७५७ साली पदार्थांची एक क्रमवारी लावली. यादीतले कोणतेही दोन पदार्थ घासले, तर वरचा धन आणि खालचा ऋण होतो. अशा याद्या आजही वापरल्या जातात, पण निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. २०११ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की स्पर्शानंतर प्रत्येक पृष्ठभागावर धन आणि ऋण अशा दोन्ही प्रभारांचे सूक्ष्म ठिपके असतात. आपण मोजतो ती केवळ त्यांची वजाबाकी. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातील एका गटाने एकाच सिलिकॉन रबराचे सारखे तुकडे घेतले. पुन्हा पुन्हा स्पर्श केल्यावर त्यांचीसुद्धा क्रमवारी लागली! ज्या तुकड्याला अधिक स्पर्श झाले होते, तो ऋण होई. म्हणजे नुसते पदार्थाचे नाव पुरेसे नाही, त्याचा पूर्वेतिहासही लागतो.

झेरॉक्स यंत्रातील शाईची पूड याच घर्षणविद्युतेने प्रभारित होते आणि यंत्र उत्तम चालते. तेव्हा उपयोग करता येणे म्हणजे समजणे, असे आम्ही मानत नाही. आमची कसोटी अशी : पूर्वी कधीही न घासलेली जोडी हाती दिली, तर कोणता पदार्थ ऋण होईल आणि किती, हे कारणासह आधी सांगता यावे. विद्युतरोधकांच्या बाबतीत ते आज सांगता येत नाही. ‘इलेक्ट्रॉन जातात’ हे वाक्य या कसोटीवर अपुरे पडते. परीक्षेत त्याला गुण जरूर द्यावेत. पण ‘रोधकातून इलेक्ट्रॉन सुटलेच कसे?’ असे विचारणाऱ्या मुलाला मात्र गप्प करू नये.

पावसाळ्यात दमट हवेमुळे प्रभार टिकत नाही. म्हणून थंडीतल्या कोरड्या दिवशी एकाच प्लॅस्टिक पिशवीतून कापलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर घासाव्यात. कोणती ऋण होईल, ते मुलांना आधी विचारावे. मग केसांवर घासलेला कंगवा जवळ नेऊन कोणती पट्टी दूर सरते ते पाहावे. नुसते ओढले जाणे हा पुरावा नव्हे, कारण प्रभार नसलेली पट्टीही ओढली जाते. प्रत्येक गटाचे उत्तर फळ्यावर लिहावे. सर्वांची उत्तरे सारखी येतीलच असे नाही.