टाकीवरच्या रंगाची पायरी

मोटारसायकलच्या पेट्रोल टाकीवर एकाहून जास्त रंगांची नक्षी काढली, की दोन रंगांच्या सीमेवर पायरी तयार होते. काळ्या टाकीवरच्या पिवळ्या-तांबड्या ज्वाळा घ्या, नाहीतर 1969च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटातल्या चॉपरची तारे-पट्ट्यांची टाकी घ्या. वरचा रंग खालच्या रंगावर बसतो आणि त्याच्या जाडीएवढी कड उभी राहते. फवारलेल्या रंगाचा सुकलेला थर साधारण 15 ते 25 मायक्रॉनचा असतो. पिवळ्यासारखा कमी झाकणारा रंग जास्त हात मागतो, तेव्हा ही कड 40 मायक्रॉनपर्यंतही जाते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, हे पाहता हा आकडा किरकोळच. बोटाला मात्र तो किरकोळ वाटत नाही. गुळगुळीत पृष्ठभाग आणि अवघ्या 13 नॅनोमीटरच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग यांतला फरक बोट फिरवून ओळखता येतो, हे स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतल्या संशोधकांनी 2013मध्ये दाखवून दिले. रंगाची कड याच्या हजारपटीने उंच असते, त्यामुळे ती नखाला अडकणारच.

कड सगळीकडे सारखी उंच नसते. मास्किंग टेपच्या काठाशी ओला रंग पृष्ठताणामुळे टेपवर थोडा चढतो आणि तिथेच सुकला, तर सीमेवर थराहूनही उंच असा बारीक बांध उरतो. म्हणून रंग बसला, पण अजून कडक झाला नाही, अशा वेळी टेप स्वतःवरच उलटी दुमडून हळू ओढतात. पूर्ण सुकल्यावर ओढली तर रंगाचा पापुद्रा फाटतो आणि कडेला दातरे पडतात. नक्षीच्या मुख्य रेषेला साध्या कागदी टेपऐवजी प्लॅस्टिकची अरुंद टेप वापरतात, कारण ती वळणावर नीट बसते आणि तिच्याखाली रंग झिरपत नाही. पुढचे निम्मे कष्ट इथेच वाचतात.

उरलेली पायरी बुडवायची ती क्लिअर कोटमध्ये, म्हणजे नक्षीवरच्या पारदर्शक थरात. आजचा क्लिअर बहुधा दोन डब्यांचा असतो. एकात ॲक्रिलिक रेझिन, दुसऱ्यात आयसोसायनेटचा हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रेणूंची जाळी विणली जाते आणि पारदर्शक, टणक पॉलियुरेथेन तयार होते. या रसायनाचा पाया ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1937मध्ये जर्मनीत घातला. त्याआधीपासून चालत आलेले लॅकर नुसते थिनर उडून सुकत असे. त्यात घन भाग फार थोडा, त्यामुळे नक्षीवर थरांमागून थर चढवावे लागत आणि प्रत्येक थर आकसून निम्म्याहूनही पातळ होई.

क्लिअर हा द्रव आहे, मग तो आपोआप सपाट का होत नाही? होतो, पण सगळ्या उंचवट्यांवर सारखा नाही. एस. ई. ऑर्चर्ड यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला पातळ द्रवथराच्या सपाटीकरणाचे गणित मांडले. त्यानुसार लहरीच्या रुंदीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वेळ वाढतो आणि थराच्या जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. जाडी दुप्पट केली तर सपाटी आठपट वेगाने येते. उंचवटा दुप्पट रुंद असेल तर सोळापट वेळ लागतो. पायरीचा धारदार कोपरा अरुंद असल्याने पहिल्या हातातच वितळल्यासारखा गोल होतो. त्याच्या मागचा रुंद उतार मात्र तसाच राहतो. नखाला आता काही लागत नाही, पण टाकीत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहिले, तर ज्वाळेच्या सीमेवर ती सरळ रेघ वाकलेली दिसते. पारखी गिऱ्हाईक टाकी हातात घेऊन नेमके हेच बघते.

मग एकदम जाड हात का देऊ नये? टाकीच्या बाजू जवळजवळ उभ्या असतात आणि थर दुप्पट जाड झाला, की द्रवाचा वरचा भाग चौपट वेगाने खाली घसरतो. ओघळ येतात. शिवाय वरची साय आधी धरते, खाली अडकलेले थिनर बाहेर पडताना बुडबुडे सोडते. म्हणून दोन-तीन मध्यम हात, प्रत्येकात ठरावीक विश्रांती.

खरी गोम आकसण्यात आहे. समजा पायरी 30 मायक्रॉनची आहे आणि ओल्या क्लिअरचा पृष्ठभाग अगदी आरशासारखा सपाट झाला. आता खोलगट बाजूवर क्लिअरचा थर उंच बाजूपेक्षा 30 मायक्रॉनने जाड आहे. क्लिअरमध्ये घन भाग निम्मा असेल, तर सुकताना प्रत्येक ठिकाणचा थर निम्मा होतो. जाड थर जास्त आकसतो, पातळ कमी. परिणामी 15 मायक्रॉनची पायरी पुन्हा वर येते. हे आदर्श स्थितीतले गणित झाले. प्रत्यक्षात क्लिअर पूर्ण सपाट व्हायच्या आत घट्ट होऊ लागतो, त्यामुळे उरलेली पायरी याहून मोठी असते. आणखी हात दिला की ती पुन्हा घटते, पण शून्यावर कधीच येत नाही. फवारून पायरी मिटत नाही, घासून मिटते. फवारणीचे काम एवढेच की घासायला पुरेसा माल वर ठेवणे.

यासाठी पहिल्या फेरीत नक्षीवर सुकून निदान 60 ते 75 मायक्रॉन उरेल एवढा क्लिअर देतात. तो पुरता कडक झाला, की 600 किंवा 800 नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून चालवायचा, तोही बोटांनी नव्हे, ठोकळ्यावर गुंडाळून. बोट मऊ असते, ते खड्ड्यात उतरते आणि उंचवट्याबरोबर खड्डाही घासते. कडक ठोकळा खड्ड्यावरून तरंगत जातो, म्हणून फक्त उंच बाजू कापली जाते. टाकीच्या वळणांवर मधल्या कडकपणाचा रबरी ठोकळा लागतो. हात सीमेला तिरका चालवायचा. सीमेच्या लांबीने चालवला तर तिथे चर पडतो.

काम कुठवर आले हे पृष्ठभागच सांगतो. घासलेला भाग मंद पांढुरका होतो, खोल भाग चकाकत राहतो. ज्वाळेच्या खालच्या अंगाला चमकदार रेघ उरली, तर तिथे अजून खड्डा आहे. नवशिका इथेच चुकतो. ती रेघ त्याच बैठकीत संपवायला जातो आणि शेजारच्या उंच बाजूवर क्लिअर कापून रंगात उतरतो. साधा रंग असेल तर डागडुजी होते. कँडी किंवा मेटॅलिक असेल, तर अॅल्युमिनियमच्या कणांवरचा रंग खरवडून करडा चट्टा पडतो, तो झाकायला ज्वाळा पुन्हा काढावी लागते. चमकदार रेघ शिल्लक असताना थांबणे, धूळ पुसणे आणि पुन्हा दोन हात देणे, ही शहाण्या कारागिराची रीत. टाकीच्या वेल्डच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर तर मुळातच थर पातळ असतो, कारण पृष्ठताण ओल्या क्लिअरला धारेवरून मागे ओढतो. तिथे पेपर लावूच नये, नाहीतर अगदी हलका हात फिरवावा.

प्रत्येक फेरीनंतरच्या मधल्या काळालाही महत्त्व आहे. क्लिअर ताजा असताना वरचा हात त्याच्याशी रासायनिकरीत्या जुळतो. मुदत उलटली, तर घासून ओरखड्यांची पकड द्यावी लागते. घाईत थरावर थर चढवले तर थिनर आठवडे बाहेर पडत राहते. टाकी दिली तेव्हा काचेसारखी, महिन्याभराच्या उन्हानंतर कडा पुन्हा वर, असे होते ते याच कारणाने. फवारणीच्या बूथमध्ये 60 अंश सेल्सियसला अर्धा तास भाजले, तर हा धोका बराच टळतो.

पावसाळी दमट हवेत फवारलेला क्लिअर वेगळा त्रास देतो. हार्डनरमधले आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि थरात बारीक छिद्रे पडतात. हेच आयसोसायनेट फुप्फुसांनाही घातक आहे. त्याच्या संपर्कातून दमा जडतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झाले, की अगदी थोड्या मात्रेनेही दम लागतो. रुमाल किंवा साधा मास्क इथे कुचकामी असतो, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या गॅरेजांत तो क्वचितच दिसतो.

सीमा सपाट झाल्यावर शेवटचे दोन हात पडतात. त्यांच्यावर 1500, 2000 आणि शेवटी 3000 नंबरचा ओला पेपर चालतो. 2000च्या पेपरचा कण सुमारे 10 मायक्रॉनचा असतो. त्याचे ओरखडे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे 0.4 ते 0.7 मायक्रॉनहून बारीक झाल्याशिवाय चकाकी येत नाही. ते काम कंपाऊंड आणि बफ करतात. इथेही हात आखडता घ्यावा लागतो, कारण सूर्याच्या अतिनील किरणांपासून रंग वाचवणारी द्रव्ये याच थरात असतात आणि तो जितका कापला जाईल तितके संरक्षण कमी होते. पेट्रोल भरण्याच्या तोंडाभोवती बफ लावतच नाहीत. तिथे सांडलेले पेट्रोल पातळ थराच्या कडेतून आत शिरते, म्हणून क्लिअर झाकणाच्या गळ्यात आतपर्यंत वळवून सोडतात.