रोपं मोजली, पाणी कोण मोजणार?

पनवेलच्या खाडीवर कामाची वेळ तिथीवरून ठरते. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरतं, म्हणजे बाराच्या सुमारास तळाला जातं. हे गणित मुंबईच्या किनाऱ्याचं. पनवेलच्या आतल्या फाट्यांत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तो ज्यानं त्यानं आपल्या जागेप्रमाणे धरायचा. कांदळवनात रोपं लावणाऱ्या टोळीचा मुकादम हा हिशेब बोटांवर करतो. ओहोटीनं चिखल उघडा पडला की आत शिरायचं, पाणी फिरलं की बाहेर यायचं. मधले तीन-चार तास हाच लागवडीचा दिवस. उरलेला वेळ रोपवाटिकेत पिशव्या भरण्यात जातो.

रोपवाटिका भरतीच्या रेषेलगत असते, म्हणजे रोपांना पाणी घालायचं काम खाडीच करते. पिशवीत भरायची ती खाडीचीच माती. तिवराचं बी पावसाळ्यात पिकतं. बदामाएवढं, हिरवट राखाडी. पाण्यात पडलं की साल सुटते आणि ते तरंगत जातं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि त्याचा लांब, शेंगेसारखा कोंब फांदीला लोंबत राहतो. शेंगेच्या वरच्या टोकाशी पिवळसर कडं दिसलं की ती पिकली. असं कडं नसलेली शेंग ओढून काढली तर ती रुजत नाही. टोळीतल्या बायका शेंग हातात घेऊन फिरवतात, किडीचं भोक दिसलं की बाजूला टाकतात. हे निवडणं इतक्या झटकन होतं की बघणाऱ्याला त्यात कौशल्य आहे हे कळायलाही वेळ लागतो.

लागवड त्याहून साधी दिसते. दोरी ताणायची, दीड-दीड मीटरवर खुंट्यानं भोक पाडायचं, शेंगेचा खालचा तिसरा हिस्सा चिखलात जाईल इतकी ती रोवायची आणि टाचेनं चिखल दाबायचा. दीड मीटरच्या हिशेबानं हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात. गुडघाभर चिखलात पाय उचलायचा तो आधी टाच सैल करून. सरळ ओढला तर चप्पल आतच राहते. म्हणून बहुतेक जण अनवाणी उतरतात. काही जण जुने मोजे घालतात, कारण चिखलात कालवाची एखादी धार लपलेली असते आणि ती ब्लेडसारखी कापते.

लावलेलं रोप हिशेबात लगेच येतं. इतके हेक्टर, इतकी रोपं, इतकी मजुरी. पुढल्या हंगामात मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची, त्याला नांग्या भरणं म्हणतात. तेही हिशेबात येतं. पण प्रत्येक उधाणानंतर पाण्यानं आणलेलं प्लास्टिक रोपांना गुंडाळलं जातं, खोडांवर शेवाळ चढतं, मोकाट म्हशी कोवळ्या तिवराचे शेंडे खातात. शेंड्यावरची पिशवी सोडवायला कुणी गेलं नाही, तर भरतीच्या ओढीनं रोप आडवं होतं. बायका जाता-येता ती सोडवतात. हे काम दीड मीटरच्या दोरीनं मोजता येत नाही.

टोळीबरोबर गेलो की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. रोपं कुठे जगतात हे रोपांवर फारसं अवलंबून नसतं. खाडीच्या मुख्य फाट्याला लागून जिथं पाणी दिवसातून दोनदा येऊन जातं, तिथं लावलेल्याच्या शेजारी न लावलेलं तिवरही आपोआप उगवलेलं असतं. भरावाच्या रस्त्यापलीकडे, जिथं पाण्यासाठी ठेवलेली मोरी राडारोड्यानं तुंबली आहे, तिथं मोठी झाडंही पिवळी पडून वाळलेली दिसतात. मागचं पाणी बाहेर जात नाही, नवं आत येत नाही; उन्हाळ्यात त्या जागेवर मिठाचा पांढरा थर धरतो. अशा जागी रोप लावलं तर ते पुढल्या वर्षी नांगी होणार, हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. एका म्हाताऱ्या मजुराला विचारलं, इथं काय करायला हवं? तो म्हणाला, “पानी आयलं, की झार आपोआप येतं. नाय आयलं, तं किती लावशील?”

तामिळनाडूत पिचावरमला एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशन आणि तिथलं वनखातं यांनी १९९० च्या दशकात नेमकं हेच केलं. जुन्या तोडीमुळे मधली जमीन खचून तिथं खारं पाणी साचत होतं. त्यांनी मुख्य चर आणि त्याला तिरपे फुटणारे छोटे चर असे माशाच्या काट्याच्या आकारात खणले, पाणी खेळतं केलं आणि चरांच्या काठांवर लागवड केली. फ्लोरिडात रॉबिन लुईस हा शास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत राहिला: आधी जमिनीची उंची आणि पाण्याची ये-जा नीट करा, बी आपोआप येईल; लागवड शेवटी, गरज पडली तरच. उलटं उदाहरण फिलिपिन्सचं. तिथं दोन दशकं मोठा पैसा ओतून लागवडी झाल्या, आणि जर्गेन प्रिमाव्हेरा या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यानं २००८ मध्ये घेतलेल्या आढाव्यात दूरगामी जगण्याचं प्रमाण साधारण १० ते २० टक्केच निघालं. कारण सोपं होतं. कांदळाची शेंग गोळा करायला आणि रोवायला सोपी, म्हणून ती लावली; समोरचा उघडा चिखल कुणाच्या मालकीचा नाही, म्हणून तिथं लावली. झाडाला ती जागा मानवते का, हे विचारलं गेलं नाही.

पनवेलच्या परिसरात पाण्याची वाट सांभाळण्याचं शास्त्र नवं नाही. खाजणात भातशेती करणाऱ्या आगरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याला बांध घातले आणि बांधात उघाड्या ठेवल्या. ओहोटीला उघाडीचं दार उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं पाणी अडवायचं. बांधाला खांड पडली तर घरटी माणूस चिखलात उतरायचा. न येणाऱ्याला गावाला उत्तर द्यावं लागायचं. कुणाला किती दिवस काम, कुठल्या बांधाची जबाबदारी कुणाकडे, हे सगळं ठरलेलं होतं. पुढे १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. बांध फुटला की गावानं अर्ज करायचा आणि वाट बघायची असं झालं. वाट बघेपर्यंत शेतात खारं पाणी भरतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिवर उगवतं, आणि तिवर उगवलेली जमीन पुन्हा शेत होणं कायद्यानंही अवघड. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवनाच्या जमिनीला, मालकी कुणाचीही असो, वनाचं संरक्षण दिलं आणि भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामाला मनाई केली. २०१८ च्या निकालात हे आणखी पक्कं झालं. महाराष्ट्राचं कांदळवन २०१३ च्या वनअहवालात १८६ चौरस किलोमीटर होतं, ते २०२१ च्या अहवालात ३२४ झालं. यातलं सर्वाधिक रायगड जिल्ह्यात. वाढीमागे कायद्याचा धाक आहे, मोजणी सुधारल्याचा परिणाम आहे आणि फुटलेले बांधही आहेत. म्हणजे नकाशावर जे हिरवं दिसतं, त्यातला काही हिस्सा कुणाच्या तरी गेलेल्या भातशेतीचा आहे.

लागवडीसाठी जो उघडा चिखल रिकामा दिसतो, तोही रिकामा नसतो. ओहोटीला तिथं बायका उतरतात. हात कोपरापर्यंत बिळात घालून निवटे काढतात, पायाच्या बोटांनी चाचपून खुबे गोळा करतात. चिंबोरी, म्हणजे खेकडे, पकडणारे लोक फग नावाचे सापळे लावून पाणी चढायची वाट बघतात. त्यांच्या मते अमावास्येच्या आसपासची चिंबोरी मांसानं भरलेली असते आणि पौर्णिमेची हलकी. गिऱ्हाईकही तोच हिशेब लावून भाव पाडतं. या कामाला सात-बारा नाही, नोंदणी नाही, बिल नाही. त्यामुळे त्या चिखलावर रोपांच्या रांगा लागल्या तर सरकारी कागदात एका हेक्टरची भर पडते आणि निवटे काढणाऱ्या बाईचं नुकसान कुठेच लिहिलं जात नाही. परदेशातून येणारे पाणपक्षीही असाच उघडा चिखल शोधत येतात.

खाडीवर जगणाऱ्यांचं मोल राज्यानं अजिबात ओळखलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. गावानं सहव्यवस्थापन समिती करायची, राखणीची जबाबदारी घ्यायची, आणि बदल्यात बचत गटांनी खेकडापालन, कालवं, शोभिवंत मासे किंवा निसर्ग पर्यटन यांसाठी अनुदान घ्यायचं. सरकारी जमिनीवरच्या कांदळवनाच्या गावांना ९० टक्के, खासगी जमिनीवरच्यांना ७५ टक्के. राखणाऱ्याला मोबदला मिळाला तर राखण टिकते, हा या योजनेचा पाया योग्य आहे. फक्त खेकडापालनाचा हिशेब बारकाईनं पाहावा. जाळीनं बंदिस्त केलेल्या कुंपणात वाढवायची पिल्लं तामिळनाडूतल्या उबवणी केंद्रातून आणावी लागतात. प्रवासात काही मरतात, खाणं कमी पडलं तर ती एकमेकांना खातात, आणि त्यांना रोज कचरा मासळी विकत घेऊन घालावी लागते. मोकळ्या खाडीत हीच चिंबोरी स्वतः वाढून फगात येत होती, आणि त्या वाढीवर कुणाचा पैसा खर्च होत नव्हता.

पाण्याच्या त्या फुकट कामाला रुपयांत किंमत लावली गेली, ती एका निकालात. जेएनपीटी बंदराच्या विस्ताराविरुद्ध उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतले पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले होते. यातलं गव्हाण आपल्या पनवेल तालुक्यातलं. भरावामुळे भरतीच्या पाण्याची ये-जा अडली, कांदळवन गेलं, समुद्रात जायची वाट बंद झाली, ही त्यांची तक्रार होती. लवादाच्या पुणे पीठानं २७ फेब्रुवारी २०१५ रोजी १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये देण्याचा आदेश दिला; जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांनी तो वाटून द्यायचा होता. भागाकार केला तर कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. पाणी अडल्यानं बुडालेल्या मिळकतीची ही एकरकमी भरपाई आहे. पाणी परत कसं आणायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

नवी मुंबई विमानतळाचा हिशेबही असाच हेक्टरांत झाला. २०१० च्या पर्यावरण मंजुरीत वाघिवली इथं २४५ हेक्टरांचं कांदळवन उद्यान उभारण्याची अट होती. त्याच प्रकल्पात उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, ११६० हेक्टरांच्या प्रकल्पासाठी टेकडी कापून भराव झाला, आणि पुढल्या पावसाळ्यांत डुंगीसारख्या शेजारच्या गावांत पाणी शिरू लागलं. झाडांची भरपाई झाडांनी मोजता येते. वळवलेल्या पाण्याची भरपाई कशानं मोजायची, हे कुठल्याच तक्त्यात नाही. वरून येणाऱ्या पाण्याचंही तसंच. गाढी, काळुंद्रे आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून वाहणारी कासाडी, सगळ्या शेवटी याच खाडीत उतरतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात रंगाच्या पाण्यानं कुत्रे निळे झाले, तेव्हा त्यांची छायाचित्रं जगभर गेली. मासे निळे दिसत नाहीत, त्यामुळे त्यांची बातमी होत नाही.

टोळीच्या कामावरून निघणारी सूचना छोटी आहे आणि खर्चिक नाही. प्रत्येक भराव, रस्ता आणि पुलाच्या मंजुरीत झाडांच्या संख्येसोबत मोऱ्यांची संख्या, रुंदी आणि तळाची पातळी लिहावी. मोरीच्या दोन्ही बाजूंना पाण्याची पट्टी लावून उधाणाला पाणी कुठवर चढतं याची नोंद ठेवावी. ती नोंद ठेवायला, मोऱ्या उपसायला, चर मोकळे करायला आणि शेंड्यांवरचं प्लास्टिक सोडवायला गावच्याच माणसांना वर्षभराची मजुरी द्यावी, आणि हा खर्च प्रकल्पाच्या देखभालीत धरावा, लागवडीच्या तीन-चार वर्षांपुरता नव्हे, तर भराव असेपर्यंत. उघाडीची राखण करणाऱ्या गावांना हे काम शिकवावं लागणार नाही. लागवडीचं बिल पास करणाऱ्यानं एक अट घालावी एवढंच: रोपं मोजायला येईल तेव्हा उधाणाच्या दिवशी, पूर्ण भरतीला यावं, आणि आधी पाणी आत येतंय का ते पाहावं.