कोळंबीचं टरफल आणि आंब्याची पेटी

ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात बघत राहावेत असे चालतात. मुंडकं मुरगाळलं, साल उतरली, गर टोपलीत, टरफल ढिगात. कोळंबीचं जवळपास निम्मं वजन या ढिगात जातं आणि काही तासांत त्याला असा वास सुटतो की नाक धरावं लागतं. समुद्रातल्या प्लॅस्टिकविषयी लिहिताना बाटल्या आणि जाळी सोडून या ढिगाकडे वळण्याचं कारण म्हैसूरला आहे. समुद्रापासून दूर असलेल्या या शहरात, चेलुवांबा महालात, 1950 साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. प्लॅस्टिकच्या जागी चालतील अशा विघटनशील वेष्टनांवर, टरफलातून मिळणाऱ्या वेष्टनावरही, तिथे बराच काळ काम झालं. आर. एन. थरानाथन हे त्यातलं ठळक नाव.

टरफलात कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिनं आणि कायटिन असतं. सौम्य आम्लात कॅल्शियम विरघळतं, अल्कलीत प्रथिनं सुटतात आणि उरतं ते कायटिन. ते तीव्र, गरम अल्कलीत शिजवलं की कायटोसान मिळतं. ते सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून सपाट ताटात ओतायचं आणि वाळू द्यायचं. ताटावरून पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटून येतो.

या पापुद्र्याची परीक्षा थरानाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंब्यावर घेतली. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात 27 अंशांच्या आसपास ठेवलेल्या खोक्यांपैकी काहींवर पॉलिथिन ताणलं होतं, काहींवर कायटोसान. पॉलिथिनखालचा आंबा आंबूस झाला, देठाशी बुरशी आली. कायटोसानखालचा 18 दिवसांपर्यंत टिकला. आंबा काढल्यावरही श्वास घेतो. पॉलिथिनमध्ये बाष्प आणि वायू कोंडले जातात, कायटोसानमधून बाष्प बाहेर पडतं.

पण हाच गुण दुसरीकडे आड येतो. या वेष्टनात चकली दोन दिवसांत मऊ पडेल; दुधाचं तर नावच नको. म्हणून ‘प्लॅस्टिकला पर्याय’ ही घोषणा मला फसवी वाटते. हा आंब्यासाठी पर्याय आहे, सगळ्यासाठी नाही. तरी आंब्यापुरत्या पर्यायालाही अर्थ आहे, कारण जगातल्या प्लॅस्टिकचा सर्वांत मोठा वाटा वेष्टनांचाच. 2015 पर्यंत निर्माण झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्के पुन्हा वापरात आला, असा 2017 चा एक गाजलेला अंदाज सांगतो. केरळात नीण्डकराचे मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक बंदरावर आणतात, त्याचा चुरा रस्त्यांच्या डांबरात जातो. काम मोलाचं, पण ते सांडल्यानंतरचं.

कायटोसानची खरी अडचण खर्चाची आणि सांडपाण्याची. आम्ल-अल्कलीचं पाणी नाल्यात सोडायचं तर समुद्र वाचवण्याला अर्थ काय? म्हैसूरच्याच संशोधकांनी त्यावर वेगळी वाट चोखाळली. दही लावणाऱ्या जिवाणूंच्या गोतातला पेडियोकॉकस त्यांनी कोळंबीच्या कचऱ्यात आंबवला. जिवाणूंच्या आम्लानं खनिजं सैल झाली, प्रथिनं सुटली, आणि कोळंबीचा गुलाबी-केशरी रंग, म्हणजे कॅरोटिनॉइड, हातचा राहिला. मासळीच्या खाद्यात या रंगाला मागणी असते. पापुद्र्याचा खर्च रंगाच्या विक्रीतून निघतो का, हे गणित जमलं तर टरफलाला गिऱ्हाईक मिळेल.